एका बाजूने सपाट राहायचे ठरवले आहे. रोजचे जगणे तुम्ही कसे बसवले?

मोगरा, नाशिक

माझे वय ४८ वर्षे आहे. सोळा महिन्यांपूर्वी कर्करोगामुळे माझा उजवा स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या, त्यानंतर केमो झाली, शेक (रेडिएशन) झाले आणि आता रोज एक गोळी एवढेच औषध मागे राहिले आहे. उपचार ठीक झाले असून डॉक्टर समाधानी आहेत. माझा प्रश्न उपचारांनंतरच्या रोजच्या जगण्याविषयी आहे आणि तो तपासणीच्या दहा मिनिटांत विचारता येत नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

स्तनाची पुनर्रचना करून घ्यायची नाही, हे मी विचारपूर्वक ठरवले आहे. पोटाची किंवा पाठीची कातडी आणि चरबी वर आणून बसवायची, म्हणजे आणखी एक मोठी शस्त्रक्रिया आणि आणखी एक व्रण. माझ्या मनाची त्याला तयारी नाही. घरात मी काहीही न लावता वावरते आणि त्याची मला आता सवय झाली आहे. बाहेर पडताना मात्र सिलिकॉनचा फॉर्म, म्हणजे ब्रेसियरमध्ये ठेवायचा कृत्रिम स्तन, लावते. तो चांगला आहे, महागही आहे, पण वैशाखात दुपारी एकच्या सुमारास त्याच्याखाली घाम साचतो, शेक घेतलेल्या कातडीवर पुरळ उठते आणि कार्यालयातून घरी आल्यावर पाणी पिण्याआधी मी तो काढून ठेवते. मला तो बाहेरही लावायचा नाही.

अडचण येथून सुरू होते. पदर डाव्या खांद्यावरून जातो, त्यामुळे ज्यांची डावी बाजू गेली आहे त्यांना तो आपसूक झाकतो. माझी सपाट बाजू मात्र नेमकी मोकळी राहते आणि ब्लाउजला तेथे चुणी पडते. ब्रेसियरचा उजवा पट्टा दिवसातून वीस वेळा खांद्यावरून घसरतो. उजवा खांदा पुढे झुकल्यासारखा दिसतो आणि एका बाजूचे वजन गेल्याने कणा वाकेल, असे एका परिचित बाईंनी सांगितल्यापासून ती भीती डोक्यात बसली आहे. पुढच्या महिन्यात भाचीचे लग्न आहे. जाऊबाईंनी प्रेमानेच, पण तीनदा सांगितले आहे की निदान लग्नात तरी ते लावा, फोटो कायमचे राहतात. सासूबाई काही बोलत नाहीत. त्यांच्या मावशीची अशीच शस्त्रक्रिया झाली होती आणि छातीत खळगा पडून फासळ्या दिसत असत, ही आठवण मात्र त्यांनी एकदा सांगितली होती.

मनात येणारी आणखी एक गोष्ट लिहून टाकते. दुसराही स्तन काढला असता तर दोन्ही बाजू निदान सारख्या झाल्या असत्या, असे कधीकधी वाटते. हा विचार चुकीचा आहे का? ज्यांनी काहीही न लावता एका बाजूने सपाट राहणे स्वीकारले आहे, त्यांनी कपडे, खांदा आणि लोकांच्या नजरा यांचे काय केले, ते कृपया सविस्तर लिहावे.

शिक्षिका, सांगली

मोगराताई, माझी डावी बाजू ११ वर्षांपूर्वी गेली. तेव्हा मी ४५ वर्षांची होते. पहिली तीन वर्षे मी फॉर्म लावला आणि नंतरची आठ वर्षे काहीच लावलेले नाही, त्यामुळे दोन्हींचा अनुभव माझ्याजवळ आहे.

फॉर्म का सोडला, ते आधी सांगते. प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमात मी सूत्रसंचालन करत होते. त्या दिवशी फॉर्म ठेवायला आतून खिसा असलेली ब्रेसियर वाळली नव्हती, म्हणून फॉर्म साध्या ब्रेसियरमध्ये ठेवला होता. मुलांची कवायत सुरू असताना तो वर सरकत गळ्याच्या हाडापाशी आल्याचे मला जाणवले. पुढचा दीड तास मी हजेरीपट छातीशी धरून उभी राहिले. मुलांनी काय सादर केले, ते मला आजही आठवत नाही. त्या रात्री लक्षात आले की स्तन नसण्याचा मला दिवसभरात फारसा त्रास होत नव्हता, मात्र तो असल्याचे दाखवण्यात माझे सगळे लक्ष खर्च होत होते. सोमवारी मी शाळेत फॉर्म न लावता गेले. पाय जड झाले होते, हे खरे आहे.

लोकांविषयी म्हणाल, तर बहुतेकांच्या लक्षात येतच नाही. ज्यांच्या येते, त्यांपैकी बहुतेक एकदा पाहतात आणि नजर वर घेतात. विचारणाऱ्या फार थोड्या असतात. त्यांच्यासाठी मी एक वाक्य तयार ठेवले आहे : ‘कॅन्सर झाला होता, एक स्तन काढला आहे, आता मी बरी आहे.’ हे वाक्य आरशासमोर चार वेळा मोठ्याने म्हणून पाहावे, कारण पहिल्या वेळी ‘स्तन’ हा शब्दच घशात अडतो. वाक्य संपले की लगेच पुढचा विषय काढावा. समोरच्या व्यक्तीलाही त्याने सुटल्यासारखे वाटते. हळदीकुंकवाला मी जाते, ओटी घेते, आणि वाण देणारीच्या नजरेपेक्षा माझ्या स्वतःच्या पाठीकडे माझे अधिक लक्ष असते. पाठ ताठ असली की छाती लपवण्याची धडपड उरत नाही.

शरीराच्या काही गोष्टी मला कोणीच आधी सांगितल्या नव्हत्या. नसलेल्या स्तनाग्राला खाज सुटते आणि ती खाजवायला जागाच नसते. मला भ्रम होतो आहे असे वाटून मी कितीतरी दिवस हे कोणाला सांगितले नाही. पुढे कळले की कापलेल्या नसांमुळे अनेकींना असे होते. व्रणाच्या शेजारी हळूहळू टिचक्या मारल्या की मला आराम पडतो. दंडाची आतली बाजू आणि व्रणाभोवतीची कातडी बधिर असते, त्यामुळे अंघोळीचे पाणी नेहमी दुसऱ्या हाताने पाहून घ्यावे आणि त्या बाजूला गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नये. मी ती ठेवली आणि फोड आला, तो मला दुसऱ्या दिवशी आरशात दिसला.

डावी बाजू असल्यामुळे आणखी एक झाले. हृदय आणि हात यांच्यामध्ये आता फारसे काही उरलेले नाही. आडवी पडले की कातडी ठोक्यागणिक हलताना दिसते. सुरुवातीला तिकडे पाहवत नसे आणि वर्षभर मी दिवा मालवूनच कपडे बदलत असे. आता माझी चार वर्षांची नात दुपारी मुद्दाम त्याच बाजूला डोके ठेवून झोपते, कारण ‘आजी, इथे धडधड मोठी येते.’

जाऊबाईंना एवढेच सांगा की लग्नात तुम्हाला चार तास उभे राहायचे आहे आणि पंगतीत वाढायचेही आहे, तेव्हा ज्यात मोकळे वाटेल तेच तुम्ही घालाल. त्यांना राग आला, तरी तो लग्नानंतर टिकणार नाही.

फिजिओथेरपिस्ट, पुणे

गेली १४ वर्षे मी प्रामुख्याने स्तनांच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांसोबत काम करते. कण्याविषयी जे सांगितले गेले आहे, त्याबद्दल मला लिहिलेच पाहिजे, कारण ही भीती दाखवून अनेकींना नको असताना फॉर्म लावायला लावले जाते.

राहिलेला स्तन बराच मोठा आणि जड असेल, तर त्या बाजूचा खांदा आणि मान दुखू शकते. अशा वेळी रुंद पट्ट्याची, नीट आधार देणारी ब्रेसियर आणि काही जणींना फॉर्मही उपयोगी पडतो. पण मध्यम किंवा लहान बांध्याच्या स्त्रीने फॉर्म लावला नाही म्हणून कणा वाकत जातो, असे मी माझ्या कामात पाहिलेले नाही. खांदा पुढे येतो हे खरे आहे, मात्र त्याची कारणे वेगळी असतात. व्रण आणि शेक घेतलेली ऊती आखडून खांद्याला पुढे ओढतात, आणि छाती लपवण्यासाठी आपण नकळत पोक काढतो. वजनाची भरपाई करून यांपैकी काहीच सुटत नाही. त्याला व्यायामच लागतो.

भिंतीकडे तोंड करून उभे राहावे आणि बोटे मुंगीसारखी चालवत हात वर न्यावा. रोज कोठवर गेला तेथे पेन्सिलीने खूण करावी. दाराच्या चौकटीला हात टेकून छाती हलकेच पुढे न्यावी आणि ताण जाणवेल तेथे थांबावे. दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकींकडे ओढून पाच अंक मोजावेत. व्रण पूर्ण भरला असल्याने बोटांच्या टोकांनी तेल लावून तो गोल मळावा, म्हणजे कातडी खालच्या फासळ्यांना चिकटून राहत नाही. शेक संपल्यानंतरही ऊती कित्येक महिने आखडत राहते, त्यामुळे हात पूर्ण वर जाऊ लागला म्हणून व्यायाम सोडू नयेत. बहुतेक रुग्ण नेमके तेव्हाच सोडतात.

काखेतल्या गाठी काढून वर शेकही झाले असल्यामुळे उजव्या हाताला सूज येण्याची शक्यता तुम्हाला अधिक आहे आणि ती काही वर्षांनीही येऊ शकते. बांगडी हे त्याचे उत्तम माप आहे. रोज सहज चढणारी बांगडी अंगठ्याच्या बुडाशी अडू लागली, ब्लाउजची बाही फक्त उजव्या दंडावर घट्ट वाटू लागली किंवा हात जड वाटला, तर दाखवायला यावे. सूज लवकर हाती आली तर ती आटोक्यात ठेवणे पुष्कळ सोपे असते. हात लाल आणि गरम झाला व ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. बागकाम करताना हातमोजे घालावेत. मात्र या हाताने कधीच काही उचलायचे नाही, हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. हातावर सूज असलेल्या १४१ स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने सूज वाढली नाही, उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले.

तुमच्या सासूबाईंच्या आठवणीबद्दलही लिहिते. अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॅल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढत असत आणि ती पद्धत पुढे कित्येक दशके चालली. मावशींच्या छातीत जो खळगा पडला होता, तो बहुधा त्यामुळेच. आज छातीचा मोठा स्नायू जागेवर ठेवतात, म्हणून तुमची बाजू सपाट आहे, खोल नाही. सासूबाईंना व्रण दाखवणे तुम्हाला जमण्यासारखे असेल, तर दाखवा. त्यांच्या मनात जे चित्र आहे, त्यापेक्षा तो पुष्कळ सौम्य असणार.

दुसरा स्तन काढण्याचा विचार चुकीचा नाही, तो अनेकींच्या मनात येतो. परंतु आनुवंशिक दोष किंवा कुटुंबात ठळक इतिहास नसेल, तर निरोगी स्तन काढल्याने आयुष्य वाढत असल्याचे दिसलेले नाही. तुम्ही घेत असलेली गोळी टॅमॉक्सिफेनसारखी हार्मोनविरोधी असेल, तर त्या स्तनाचा धोकाही तिने कमी होतो. वर्षातून एकदा त्याची मॅमोग्राफी चुकवू नका आणि जनुकीय तपासणीबद्दल आपल्या सर्जनना स्पष्ट विचारा.

टाकाटीप, कोल्हापूर

मी २२ वर्षे ब्लाउज शिवते. चुणीचे कारण साधे आहे. शिंपी दोन्ही पुढचे भाग एकाच कागदावर कापतात. खांद्यापासून छातीवरून कमरेपर्यंतचे माप भरलेल्या बाजूला सपाट बाजूपेक्षा सव्वा ते दोन इंच जास्त येते, आणि तेवढे जास्तीचे कापड तुमच्या उजवीकडे गोळा होते. टक्स उसवून किंवा बाजूची शिवण आत घेऊन ते जात नाही, कारण ते कापड रुंदीत नसून उंचीत जास्त असते.

तेव्हा पुढचे दोन भाग दोन वेगळ्या मापांनी कापायला सांगा. डावीकडे नेहमीची कटोरी किंवा टक्स असू द्यावेत. उजवीकडे टक्स घालूच नयेत. तो भाग पाठीच्या भागासारखा सपाट कापावा आणि मुंढा किंचित वर घ्यावा. हुकपट्टी पुढेच ठेवा. मागे हुक घेतले की पुढचा भाग अखंड होतो आणि सगळे कापड भरलेल्या बाजूकडे ओढले जाते, मग गळा तिरका दिसतो. आतून मलमलचे अस्तर लावून शिवणीच्या कडा अस्तर आणि कापड यांच्यामध्ये जाऊ द्याव्यात, म्हणजे व्रणाला शिवण घासत नाही. मुंढ्याची शिवण व्रणाच्या टोकावर येते का, ते अंगावर घालून हात पुढे-मागे करूनच पाहावे. उजवी बाही अर्धा इंच सैल ठेवावी आणि पुढे उसवून सैल करता यावी म्हणून शिवणीत जास्तीचे कापड राखावे.

लग्नाला काठापदराची साडी असेल तर पदराच्या निऱ्या बारीक घेऊ नका. पहिली निरी रुंद सोडून तिची कड उजव्या बाजूपर्यंत येऊ द्या आणि कमरेशी एक पिन लावा. मोठ्या बुट्ट्यांचे किंवा खणाचे ब्लाउज घेतले की नजर कापडावर राहते. एकरंगी सॅटिनवर मात्र प्रत्येक वळण दिसते. हे झाकण्यासाठी सांगत नाही. चांगले कापड अंगावर नीट बसलेच पाहिजे, मग अंग कसेही असो.

ब्रेसियरचा पट्टा घसरतो, कारण त्या बाजूला त्याला खाली ओढणारे काही नाही. उजवा कप कापून टाकून तेथे सपाट सुती कापड शिवा आणि दोन्ही पट्टे पाठीवर मध्यभागी एका आडव्या पट्टीने जोडा. पन्नास रुपयांचे काम आहे.

माझ्याकडे पहिली अशी बाई आली, तेव्हा माप घेताना ती मान फिरवून भिंतीकडे पाहत होती. मी दोन्ही बाजूंची मापे मोठ्याने बोलून वहीत लिहिली, नेहमी सगळ्यांची लिहिते तशीच. तेव्हा ती वळली.

ठाण्याहून एक

मी पुनर्रचना करून घेतली आहे आणि मला तिचा पश्चात्ताप नाही, तरीही तुमचा निर्णय मला पटतो. पोटाची ऊती वापरून केलेली माझी शस्त्रक्रिया सात तास चालली, पोटावरचा व्रण भरायला वेळ लागला आणि नव्या स्तनाला स्पर्श जवळजवळ कळत नाही, हे करण्यापूर्वी प्रत्येकीला माहीत असावे. तुम्हाला एवढेच सांगावेसे वाटते की आज नको म्हटल्याने दार बंद होत नाही. पुनर्रचना काही वर्षांनंतरही करता येते. शेक झालेल्या कातडीखाली इम्प्लांट, म्हणजे सिलिकॉनचा कृत्रिम स्तन, बसवल्यास ते आवळून कडक होण्याची शक्यता वाढते, म्हणून अशा स्त्रियांना बहुधा स्वतःची ऊती वापरण्याचा सल्ला देतात. कोणी घाईने इम्प्लांट सुचवले, तर हे अवश्य विचारा.

न्यू जर्सीतून

सपाट राहणे हा उपचार अर्धवट सोडण्याचा प्रकार नसून तीसुद्धा एक निवड आहे, हे येथेही डॉक्टरांना बरीच वर्षे पटवावे लागले. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने, स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा योजनांना पुनर्रचनेचा आणि कृत्रिम स्तनाचा खर्च देणे बंधनकारक झाले, पण छाती नीटनेटकी सपाट शिवून देणे या गोष्टीला राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या शब्दकोशात स्वतंत्र नाव २०२० मध्ये मिळाले. माझ्या काखेजवळ कातडीची एक जाड घडी राहिली होती आणि ती दंडाला सतत घासत असे. आपल्याला हे असेच सोसायचे आहे, असे समजून मी दोन वर्षे काढली. छोट्या शस्त्रक्रियेने ती काढता आली. तुमच्याकडेही तशी घडी राहिली असेल, तर सर्जनना दाखवा, आणि ज्यांची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे त्यांनी ‘मला पुनर्रचना नको आहे, जादा कातडी न ठेवता सपाट शिवा’ हे आधीच सांगून ठेवावे.

कधी काही लावावेसे वाटलेच, तर विणलेले सुती फॉर्म पाहावेत. ते वजनाला हलके असतात, धुता येतात आणि घाम शोषतात. भारतातही स्वयंसेवी स्त्रिया ते विणून विनामूल्य देतात, असे माझ्या मुंबईच्या बहिणीने मला कळवले होते आणि तिनेच माझ्यासाठी एक आणला.

मोगरा, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी सासूबाईंना व्रण दाखवला. त्यांनी चष्मा आणायला सांगितला, जवळ येऊन पाहिले, आणि ‘मावशीचे असे नव्हते गं’ एवढेच म्हणून ब्लाउजचे हुक स्वतः लावून दिले. जाऊबाईंशी अजून बोललेले नाही, पण शिक्षिकाताईंनी दिलेले वाक्य आज दोन वेळा मोठ्याने म्हणून पाहिले. दुसऱ्या वेळी अडले नाही. घडी माझ्याकडेही आहे. ती काढता येते हे मला माहीतच नव्हते, पुढच्या तपासणीला दाखवीन.

बांगडी आज सहज चढली. भिंतीवर पेन्सिलीची पहिली खूण केली आहे आणि मुलीने तिच्यापुढे तारीख घातली आहे.

लग्नाचे ब्लाउज उद्या शिवायला टाकणार आहे. टाकाटीपताई, आमच्या शिंप्यांनी अशी मापे कधी घेतलेली नाहीत. सुरुवात कोणत्या बाजूपासून करायला सांगू?

टाकाटीप, कोल्हापूर

सपाट बाजूपासून. ते माप पक्के झाले की दुसरी बाजू त्यावरून बसवता येते. कच्चा टाका घालून एकदा अंगावर बघितल्याशिवाय पक्की शिवण मारू देऊ नका.